नागपुरात पत्रकारितेचं एम.ए. करायचं असेल तर आधी टायपिंग शिका

फॉर्म नंतर भरा, आधी मराठी टायपिंग शिका. इनस्क्रिप्ट या देवनागरीच्या ठरलेल्या कीबोर्डवर, युनिकोडमध्ये, कळांकडे न बघता. रोमन अक्षरं मारून मराठी उमटवायची सवय व्हॉट्सॲपपुरती ठीक आहे. रात्री अकराला पान सोडायचं असतं, बातमी आत्ताच हाती आलेली असते आणि तुम्ही ‘दुसऱ्या’मधला ऱ्य शोधत बसलात, की शेजारचा माणूस म्हणतो, ‘हट बाजूला, मी मारतो.’ (शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. झालं.) रोज एक तास, एखादा छापील अग्रलेख समोर ठेवून जसाच्या तसा उतरवत गेलात तर महिना-दीड महिन्यात हात बसतो. शिवाय जुन्या कार्यालयांमध्ये अजून श्रीलिपी नाहीतर कृतिदेव या जुन्या फाँटमधला मजकूर येतो, आणि तो तुमच्या संगणकावर उघडला की अक्षरांची भेळ होते. त्याला कन्व्हर्टर असतात. ते वापरा, पण नंतर रफार आणि अनुस्वार डोळ्यांनी तपासा. तेच आधी गळतात.

मी तुमसरची. बी.एस्सी. केलं, केमिस्ट्रीत जीव रमला नाही, आणि बारा वर्षांपूर्वी एक ट्रंक घेऊन इतवारी स्टेशनवर उतरले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठातून मास कम्युनिकेशनचं एम.ए. केलं. आता एका मराठी दैनिकात उपसंपादक आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. यंदा माझ्या मावसबहिणीच्या मुलीने बी.ए.ची शेवटची परीक्षा दिली आणि ‘मावशी, करू का मी पण?’ असे तिचे तीन फोन झाले. तिला तुकड्यातुकड्याने सांगितलेलं इथे एका जागी लिहिते आहे.

करावं का?

पत्रकार व्हायला पदवी लागत नाही. आमच्या कार्यालयात सगळ्यात पक्का बातमीदार बारावी झालेला आहे. तो न्यायालयाची बातमी अशी लिहितो की वकील कात्रण काढून ठेवतात. मग दोन वर्षं घालवायची कशाला? माझं उत्तर एकच आहे: विद्यापीठात तुमची चूक छापून येत नाही. तिथे नाव चुकलं तर दोन गुण जातात, पेपरात चुकलं तर कोणाची तरी अब्रू जाते. दोन वर्षं तुम्हाला कच्चं लिहायला मिळतं आणि कोणीतरी ते लाल शाईने रंगवून परत देतं. नोकरीत परत कोणी देत नाही. एकतर सरळ कापतात, नाहीतर तसंच छापतात, आणि दुसरं जास्त वाईट.

शासकीय विद्यापीठ आणि खासगी संस्था यांत फरक फीचा तर आहेच, तो पुष्कळ आहे. खासगीत स्टुडिओ चकाचक असतो. शासकीय विद्यापीठात कॅमेऱ्यासाठी नंबर लावावा लागतो आणि नंबर येईपर्यंत कधीकधी बॅटरी उतरलेली असते. पण माझ्या वर्गात गोंदियाचा शेतकऱ्याचा मुलगा होता, चाळिशीतल्या एक अंगणवाडी पर्यवेक्षिका होत्या, एक वकील होता, मेळघाटातली एक कोरकू मुलगी होती. असा वर्ग मोठी फी घेणाऱ्या संस्थेत जमत नाही. एका मोर्चाची बातमी आम्ही सगळ्यांनी लिहिली, तर पर्यवेक्षिकाबाईंना जे दिसलं ते बाकी कोणालाच दिसलं नव्हतं: मोर्चातल्या बायका सकाळपासून पाणी पीत नव्हत्या, कारण आसपास संडास नव्हता.

आणि नागपूर हे या विषयासाठी काही आडगाव नाही. १९५२ साली इथल्या हिस्लॉप कॉलेजात पत्रकारितेचा विभाग सुरू झाला, अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठाचे रोलंड वूल्झ्ली त्यासाठी फुलब्राइट योजनेतून इथे येऊन राहिले होते. देशात तेव्हा असे विभाग बोटांवर मोजण्याइतके होते. दुसरे पर्यायही जवळच आहेत. हिंदीतून करायचं असेल तर वर्ध्याचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय, आणि अमरावतीला आयआयएमसीचं, म्हणजे भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटचं नाव मोठं आहे, खोलीचं भाडंही त्याच मापाचं.

कागद

पदवी कुठल्याही शाखेची चालते. माझी केमिस्ट्री चालली. बाकी कागदांची रडकथा थोडक्यात: पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, टीसी, दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल त्याप्रमाणे जातीचा दाखला, जात पडताळणी प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेअर. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. तहसीलमधले दाखले मे महिन्यातच काढा. जूनमध्ये दहावी-बारावीची अख्खी तालुक्याची रांग तिथे उभी असते. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर होतो, त्यासाठी बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. पैसे कुठे अडकले हे नंतर शोधण्यापेक्षा आधी बँकेत जाऊन या. अनुसूचित जातीच्या ज्या मुलामुलींना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. पात्र असाल तर ती केवळ माहीत नसल्यामुळे सोडू नका, आपण म्हणे माध्यमांचे विद्यार्थी.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्यात दोन वर्षांचं एम.ए. ८८ क्रेडिटचं झालं आहे, दर सेमिस्टरला २२. पहिल्या सेमिस्टरला संशोधन पद्धती, दुसऱ्याला प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण म्हणजे इंटर्नशिप, तिसऱ्या-चौथ्याला संशोधन प्रकल्प. एक वर्ष करून सोडायची वेळ आली तर पदविका हातात पडते. आमच्या वेळी ही सोय नव्हती.

खोली बघताना धरमपेठ, रामदासपेठच्या मोहात पडू नका. दाभा, हजारीपहाडकडे भाडं निम्म्यावर येतं. मेस लावताना रविवारी रात्रीचं काय ते विचारून घ्या, कारण सगळ्या मेस त्या रात्री बंद असतात आणि खिशात पैसे नसलेला विद्यार्थी रविवारी रात्रीच जास्त असतो.

थिअरी मारबतीत असते

पहिल्या सेमिस्टरला सगळ्यांचा जीव थिअरीला कंटाळतो. हॅरॉल्ड लॅसवेल या अमेरिकी अभ्यासकाचं १९४८चं ते वाक्य, कोण बोललं, काय बोललं, कुठल्या माध्यमातून, कोणाला आणि परिणाम काय, हे पाठ करून लिहिलं की गुण मिळतात, समजत काहीच नाही. मला ॲजेंडा सेटिंग समजलं ते मारबतीच्या मिरवणुकीत.

मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या संशोधकांनी १९६८च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी चॅपल हिल या छोट्या गावात मतदारांना विचारलं, तुम्हाला कुठले प्रश्न महत्त्वाचे वाटतात? मग ती यादी बातम्यांतल्या विषयांच्या यादीशी ताडून पाहिली. दोन्हींचा क्रम जवळजवळ जुळला. १९७२ साली त्यांचा लेख छापून आला. म्हणणं असं की माध्यमं लोकांना काय विचार करायचा हे सांगत नसतील, पण कशाबद्दल विचार करायचा हे ठरवतात.

आमच्या सरांनी हे फळ्यावर लिहिलं आणि म्हणाले, ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत या.’ काळी मारबत, पिवळी मारबत आणि त्यांच्या मागे बडगे. बाहेरच्यांसाठी सांगते: मारबत म्हणजे मिरवणुकीतला बाईच्या रूपातला मोठा पुतळा. मारबती जुन्या आहेत, ठरलेल्या आहेत, पण बडगे दरवर्षी नवे. वस्तीवस्तीतली पोरं ज्या गोष्टीचा राग आला असेल तिचा पुतळा करतात, गळ्यात पाटी अडकवतात आणि ‘घेऊन जाय गे मारबत’ म्हणून ओरडत नेऊन जाळतात. महागाई, भ्रष्टाचार, डेंग्यू, एखादा पुढारी, शेजारचा देश. आम्हाला काम होतं प्रत्येक बडग्याची पाटी उतरवून घ्यायचं. मग वाचनालयात जाऊन मागच्या महिन्याभराचे पेपर काढायचे, पहिल्या पानावरचे विषय मोजायचे आणि दोन याद्या शेजारी ठेवायच्या.

पुष्कळसं जुळलं. पण मजा न जुळलेल्यात होती. काही पाट्या अशा होत्या की त्यांचा विषय पहिल्या पानावर सोडा, आतही कुठे सापडेना. गटाराची, वस्तीतल्या दारूच्या दुकानाची, रेशनच्या काट्याची. तिथे सर म्हणाले, ‘ही तुमची बातम्यांची यादी.’ तुम्हीही हे करा. एक दिवस आणि पायात जुनी चप्पल लागते. नवी घालू नका, त्या गर्दीतून ती परत येत नाही.

सिव्हिल लाइन्स हाच वर्ग

नागपूरसारखी सोय दुसऱ्या शहरात क्वचितच असेल. उच्च न्यायालयाचं खंडपीठ, जिल्हा न्यायालय, जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, महापालिका, जिल्हा परिषद, विधानभवन, सगळं सिव्हिल लाइन्समध्ये, चालत फिरता येईल इतकं जवळ. याचं कारण इतिहासात आहे: आधी मध्य प्रांताच्या आणि मग १९५६पर्यंत तेव्हाच्या मध्य प्रदेशाच्या राजधानीचं हे शहर होतं, म्हणून इमारती राजधानीच्या मापाच्या. विधिमंडळाचं अधिवेशन दरवर्षी इथे होतं तेही १९५३च्या नागपूर करारामुळे.

पहिल्या वर्षी आठवड्यातून एक सकाळ न्यायालयात बसा. खुली सुनावणी कोणीही ऐकू शकतं. बसून काय लिहायचं? काहीच नाही. ऐका. ‘आरोप’ आणि ‘दोषारोप’, ‘जामीन’ आणि ‘अटकपूर्व जामीन’, ‘नोटीस बजावली’ आणि ‘ताशेरे ओढले’ यांतला फरक कानाला कळू द्या. आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलांपैकी निम्मी मुलं न्यायालयाने नुसती नोटीस काढली तरी ‘सरकारला दणका’ लिहितात.

आणि माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज टाका. परीक्षेसाठी कलमं पाठ करण्यापेक्षा एक खरा अर्ज टाकला की २००५चा कायदा आयुष्यभर लक्षात राहतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं किंवा उडवाउडवीचं आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, त्याचं खंडपीठ नागपुरातच आहे. अर्ज स्वतःच्या नावाने करा, विभागाच्या नावाने नाही, कारण हा हक्क नागरिकाला आहे. आणि ‘का’ विचारू नका. ‘टँकर का येत नाही’ याला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. ‘अमुक प्रभागात एप्रिल महिन्यात झालेल्या टँकर फेऱ्यांच्या नोंदवहीची प्रत’ हे मागा. माझा पहिला अर्ज पूर्ण ‘का’चा होता. उत्तरात एक ओळ आली: ‘निरंक.’

डिसेंबरात अधिवेशन लागतं, तेव्हा विभागातली मुलं विधानभवनाच्या पाससाठी धडपडतात. सोडा तो नाद. आत दोनशे पत्रकार आहेत. तुम्ही टेकडी रोडवर जा, यशवंत स्टेडियमला जा, मोर्चे अडवतात तिथे. राज्याच्या कानाकोपऱ्यातून माणसं दोन दिवसांचा डबा बांधून येतात आणि कोणी विचारलं की सांगायला तयार असतात. मोर्चाच्या पुढच्या रांगेतल्या माणसाकडे निवेदनाची छापील प्रत असते, ती घ्या. पण बातमी मागच्या रांगेत असते.

तिथून चार पावलांवर झिरो माइलजवळ गोवारी स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ला अधिवेशन चालू असताना आदिवासींच्या सवलती मागायला आलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. त्यात बहुतेक बाया आणि लेकरं. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आता त्यांचं नाव आहे, रोज हजारो लोक त्यावरून जातात. आम्हाला काम दिलं होतं की त्या आठवड्यातले जितक्या पेपरांचे अंक मिळतील तितके वाचनालयातून काढा, आणि प्रत्येक बातमीत तीन गोष्टी शोधा: आकडा कोणाच्या हवाल्याने दिला, मेलेल्यांची नावं आहेत का, आणि वाक्यात करणारा कोण आहे. हे तिसरं नीट बघा. ‘चेंगराचेंगरी झाली’ यात करणारा कोणीच नाही. ‘पोलिसांनी लाठीमार केला आणि पळापळ झाली’ यात आहे. एकाच घटनेची ही दोन वाक्यं, आणि दोन वेगवेगळ्या बातम्या. व्याकरणाच्या तासाला वाक्यातला कर्ता शोधायला शिकले होते, तो कशासाठी शोधायचा हे त्या दुपारी कळलं.

पुढे हे प्रकरण एका शब्दावर येऊन थांबलं. अनुसूचित जमातींच्या यादीत नोंद ‘गोंड गोवारी’ अशी आहे. मग नुसते ‘गोवारी’ म्हणजे तेच का? नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये गोवारींच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो फिरवला. डेस्कवर कोणी ‘एका शब्दाने काय फरक पडतो’ म्हणालं की मला हे आठवतं.

भाषा

आपल्याकडे सूत्रांची भाषा एक, बातमीची दुसरी. पोलीस हवालदार हिंदी-मराठी मिसळून बोलेल, वकील इंग्रजी पाजळेल, कळमन्याच्या बाजारातला अडत्या तिन्ही. हिंदी नीट वाचता-लिहिता यायला हवीच. नागपुरात हिंदी दैनिकांचा पसारा मोठा आहे आणि नोकऱ्या तिथेही आहेत. इंग्रजीही टाळू नका, १९११ पासून इथे ‘हितवाद’ हे इंग्रजी पत्र निघतं आहे.

पण मराठीत लिहिताना एक चूक आम्ही सगळे करतो: वऱ्हाडी-नागपुरी माणसाच्या तोंडी पुण्याची मराठी घालतो. पाण्याच्या रांगेतल्या एका आजीने मला सांगितलं होतं, ‘पानी येऊन नाही राह्यलं बाई, अन् बिल मात्र येऊन राह्यलं.’ मी ते तसंच लिहिलं. छापून आलं ते असं: ‘पाणीपुरवठा अनियमित असून देयके मात्र नियमितपणे येत असल्याची तक्रार एका ज्येष्ठ महिलेने केली.’ आजीने दहा शब्दांत सांगितलं होतं, आणि तेही हसवून. अवतरणातलं बोलणं बदलू नका. डेस्कने बदललं तर एकदा तरी भांडा. मी आता डेस्कवर आहे, माझ्याशी भांडायला अजून कोणी आलं नाही याचं मला जरा वाईटच वाटतं.

इंटर्नशिप, आणि मेलेला माणूस

इंटर्नशिपला मोठ्या नावामागे धावू नका. मोठ्या कार्यालयात तुम्हाला प्रेसनोटा टाइप करायला बसवतील, एक महिना जाईल, प्रमाणपत्र मिळेल. छोट्या दैनिकात माणसं कमी असतात म्हणून तिसऱ्या दिवशी रस्त्यावर पाठवतात. जाताना कात्रणं नव्हे, बातम्यांच्या तीन कल्पना लिहून न्या. शहर संपादकाला कात्रणांत रस नसतो, त्याला उद्याचं पान भरायचं असतं.

मी गेले ते छोटं दैनिक होतं. आठव्या दिवशी रात्री पोलीस ठाण्याला फोन करून अपघाताची बातमी घेतली. दुचाकीला ट्रकची धडक, एक ठार. पलीकडचा माणूस घाईत होता, मी त्याहून घाईत. दोन नावं ऐकली, आडनाव एकच, वय जवळपास सारखं. लिहिलं, दिलं, सिंगल कॉलम लागली. खाली नाव नव्हतं तरी सकाळी मी ते कापून घेतलं.

अकराच्या सुमारास कार्यालयात एक माणूस आला. हातात तोच पेपर, घडी घातलेला. कोणाला भेटायचं विचारल्यावर माझ्याकडे बोट गेलं. तो म्हणाला, ‘बाई, म्या तं जित्ता हाव जी. गेला तो माहा भाऊ होता.’ मी फिर्यादीचं नाव मृतक म्हणून दिलं होतं. तो चिडलेला नव्हता, तेच वाईट होतं. सासरकडचे लोक सकाळपासून त्याच्या बायकोला भेटायला येत होते, आणि भावाला नेण्याची तयारी अर्धवट टाकून तो ते थांबवायला आला होता. दुसऱ्या दिवशी पाचव्या पानावर चार ओळींची दुरुस्ती आली. बातमी जितक्या लोकांनी वाचली, तितक्यांनी ती दुरुस्ती वाचली असेल का?

तेव्हापासूनची माझी पद्धत सांगते, तीच मी इंटर्नना लावते. वहीचं डावं पान फक्त नावांसाठी. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, वय, गाव, आणि समोर या माणसाचं या घटनेतलं काम: फिर्यादी, आरोपी, मृतक, जखमी, साक्षीदार. लिहून झाल्यावर फोनवरच सगळं मोठ्याने परत वाचून दाखवायचं. पलीकडचा वैतागतो. वैतागू दे. एफआयआर मिळत असेल तर स्वतः बघायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतर संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकले जातात. आणि संवेदनशील म्हणजे काय हेही पाठ हवं: बलात्कारपीडितेची ओळख उघड करता येत नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. मूल असेल तर पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरोधातल्या कायद्याचं कलम २३. ओळख म्हणजे फक्त नाव नाही. शाळा, गल्ली, बापाची पानटपरी कुठल्या चौकात आहे, हे लिहिलं की छोट्या गावात नाव लिहिल्यासारखंच झालं.

प्रबंध छोटा ठेवा

चौथ्या सेमिस्टरला ‘समाजमाध्यमांचा तरुणांवर होणारा परिणाम’ हा विषय घेऊ नका. दरवर्षी कोणीतरी घेतं, गुगल फॉर्म वर्गाच्याच ग्रुपवर फिरवतं, आणि निष्कर्ष निघतो की परिणाम होतो. मोजता येईल असं काहीतरी घ्या. मी घेतलं होतं: एप्रिल आणि मे, तीन मराठी दैनिकं, पाण्याच्या टँकरच्या बातम्या. प्रत्येक बातमीची लांबी फुटपट्टीने सेंटिमीटरमध्ये मोजायची, गुणिले कॉलम. पान कुठलं, फोटो आहे का, हवाला कोणाचा, बाईचं नाव आलंय का.

हे वाचायला सोपं वाटतं. तिसऱ्या दिवशी अडचण आली: ‘नगरसेवकाने टँकर सुरू केला’ ही तक्रारीची बातमी का माहितीची? मी एका रकान्यात टाकली, मैत्रिणीने दुसऱ्या. यालाच आंतरसंकेतक विश्वासार्हता म्हणतात. पुस्तकात तो शब्द वाचून घाबरायला होतं. प्रत्यक्षात ते दोन मैत्रिणींचं भांडण असतं आणि भांडण मिटेपर्यंत नियम घासून घ्यायचा असतो. म्हणून सुरुवातीला वीस बातम्या दोघींनी वेगवेगळ्या तपासा, किती जुळल्या ते बघा, नियम सुधारा, मगच पुढचं. आधी झालेले प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर बघा. बघाच, उतरवू नका, सॉफ्टवेअर पकडतं.

त्या मोजमापाचा मला नोकरीत जितका उपयोग झाला तितका कशाचाच नाही. कारण पान लावताना आता मला डोळ्यांनी दिसतं की रांगेत उभ्या असणाऱ्या सगळ्या बायका आणि बातमीत बोलणारे सगळे पुरुष.

नंतरचं

पगार सुरुवातीला कमी असतो, आणि नागपुरात मुंबईपेक्षा कमी. घरी हे आधीच सांगून ठेवा. पेपर, वाहिनी, पोर्टल यांखेरीज जनसंपर्क, सरकारी माहिती खातं, आकाशवाणीचं नैमित्तिक काम, अनुवाद असेही रस्ते आहेत. माझ्या वर्गातली निम्मी मुलं आज पत्रकारितेत नाहीत, आणि ती दुःखी आहेत असं मला तरी दिसलं नाही. शिकवायचं असेल तर नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्याची) ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. नेटला दोन पेपर, पहिला ५० प्रश्नांचा, दुसरा आपल्या विषयाचा १०० प्रश्नांचा, एकूण ३०० गुण, तीन तास. सेट आपल्याकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. एम.ए.ला खुल्या वर्गाला ५५ टक्के लागतात, आरक्षित वर्गांना ५०, म्हणून पहिल्या सेमिस्टरला ‘बघू पुढे’ करू नका. थिअरी ताजी असताना, चौथ्या सेमिस्टरमध्येच फॉर्म भरा. नोकरी लागल्यावर रात्रपाळी करून लॅसवेल वाचवत नाही, मी करून पाहिलंय.

भाचीने काल पुन्हा फोन केला. टायपिंगचा क्लास लावला म्हणाली, पण रोमनवालाच. मी म्हटलं, बदल. आणि निकाल लागला की त्याच आठवड्यात प्रोव्हिजनल आणि मायग्रेशनसाठी पदवीच्या कॉलेजच्या खिडकीशी जा, जेवणाच्या सुट्टीआधी, सुट्टे पैसे आणि झेरॉक्सचे दोन जास्तीचे संच घेऊन.